रशिया समजून घ्यायचा तर पाइपलाइन बघा

भारतात फोन केला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "या पुतिनला नक्की हवंय तरी काय?" विचारणाऱ्याचं उत्तरही तयार असतं. एकतर माणूस माथेफिरू आहे, नाहीतर सगळा तेल-गॅसच्या पैशाचा खेळ आहे. मला दोन्ही पटत नाहीत. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे भाषणं सोडून पाइपलाइन बघतो.

१९७० साली सोव्हिएत संघाने पश्चिम जर्मनीशी करार केला. जर्मनांनी मोठाले पाइप द्यायचे, बदल्यात गॅस घ्यायचा. १९७३ पासून गॅस वाहू लागला. शीतयुद्ध चालू राहिलं, १९९१ मध्ये अख्खा देश फुटला, पण पुरवठा चालूच राहिला. फक्त तो पाइप आता युक्रेन नावाच्या वेगळ्या देशातून जात होता! दराच्या आणि थकबाकीच्या भांडणात २००६ आणि २००९ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, गॅस अडला. मग २०११ मध्ये रशियाने युक्रेनला वळसा घालून बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीपर्यंत पाइप नेला.

आता देशाच्या आत बघा. २००३ मध्ये रशियातला सर्वांत श्रीमंत माणूस, युकोस कंपनीचा खदरकोव्स्की, तुरुंगात गेला. त्याची मुख्य तेलक्षेत्रं सरकारी रोसनेफ्टकडे आली. गॅझप्रॉममध्येही निम्म्याहून जास्त मालकी सरकारची. थोडक्यात, पैसा कंपनीने कमवायचा, पण तो कशासाठी पणाला लावायचा हे क्रेमलिन ठरवणार.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तेच झालं. युक्रेन आपल्या हातून निसटू नये म्हणून युद्ध सुरू केलं आणि पन्नास वर्षांचं गिऱ्हाईक घालवलं. २०२३ मध्ये गॅझप्रॉमला ६२९ अब्ज रुबल तोटा झाला. गंमत म्हणजे बाँब पडत असतानाही युक्रेनमधून थोडा गॅस युरोपला जातच होता. तो १ जानेवारी २०२५ ला थांबला.

"धंदा वाढला की भांडण मिटतं" या भरवशावर जर्मनी राहिला. २०२३ मध्ये रशिया आपलाही सर्वांत मोठा तेलपुरवठादार झाला. स्वस्त तेल जरूर घ्यावं, आणि आपल्याकडे ते जहाजाने येतं हेही बरं. पण नफ्यासाठी रशिया आपलं राजकारण बदलेल, असं मात्र समजू नये.