गोडे पाणी तरंगते

विहिरीच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली. ती मनापासून उमगली पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर पोहताना!

मुलगी ऑकलंडला असते. तिने आम्हां उभयतांना निऊ बेट दाखवायला नेले. विमानाने साडेतीन तास. पण वाटेत वाररेषा लागते, म्हणून शनिवारी निघून आम्ही शुक्रवारी पोचलो!

निऊ म्हणजे समुद्रातून वर आलेला प्रवाळाचा खडक. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. पाऊस भरपूर, पण नदी नाही की ओढा नाही. सगळे पाणी चुनखडीच्या भेगांतून मुरते. त्यानेच तिथल्या गुहा कोरल्या. गाळ वाहून जात नाही, म्हणून समुद्र आरशासारखा नितळ. वाळूचे किनारे मात्र चिमुकले.

अवाइकीची गुहा ओहोटीला पाहावी. पायांत बूट हवेत, खडक करवतीसारखा आहे. आत हिरवेनिळे कुंड. तिथल्या पूर्वजांच्या होड्या प्रथम इथेच लागल्या, असे लोक सांगतात.

मग लिमूच्या कुंडांत उतरलो. वरचा थर गार आणि धूसर, साखरेचा पाक पाण्यात विरघळावा तसा. चव घेतली, तर जेमतेम खारट. बुडी मारली, तर खाली ऊबदार, स्वच्छ आणि खारे. खडकातून झिरपणारे गोडे पाणी हलके, ते खाऱ्यावर तरंगत होते!

कोकणात आमच्या वाडीतली विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. २००९ साली मी तिच्यावर तीन अश्वशक्तीचा पंप बसवला. आई म्हणाली, "अरे, विहिरीला दम खाऊ दे." मी बी. एस्सी. ॲग्री, कशाला ऐकतो? दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झाले, सुपारीचे शेंडे करपले.

हिशेब साधा आहे. जमिनीत समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असले, तर खाली सुमारे चाळीस फूट असते. वरचे फूटभर उपसले, की खालून चाळीस फूट खारे वर चढू लागते. हे मी कॉलेजात शिकलो होतो. घरच्या विहिरीवर विसरलो.

तेव्हा किनाऱ्यालगतच्या बागाईतदारांनो, पंप लहान लावा. थोडे थोडे उपसा, मध्ये विसावा द्या. फाल्गुनापासून दर आठवड्याला पाण्याची चव पाहा. पावसाचे पाणी वाडीतच मुरवा.

आई आता नाही. मोठा पंप मी काढून टाकला. विहीर सुधारते आहे, पण वैशाखात पहिली गोडी अजून येत नाही.