कमावत नसल्याचा दाखला

केंद्र सरकारच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या नियमांत अपत्यांविषयी एक तरतूद आहे. कर्मचारी आणि त्याचा जोडीदार या दोघांच्या पश्चात अपत्याला हे वेतन वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, विवाह होईपर्यंत किंवा ते कमावू लागेपर्यंत मिळते. अपत्य बौद्धिकदृष्ट्या अक्षम असेल आणि त्यामुळे उपजीविका करू शकत नसेल, तर मात्र ते आयुष्यभर मिळते. तरतूद उदार आहे यात शंका नाही. 'आमच्या मागे याचे कसे?' या प्रश्नाला सरकारने दिलेले ते बहुधा सर्वांत भरवशाचे उत्तर आहे. अडचण आहे ती 'उपजीविका करू शकत नसेल' या चार शब्दांत.

के. आर. पुरम येथे आमच्या शेजारी मूळचे मिरजेचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून ते निवृत्त झाले. त्यांचा मुलगा ३१ वर्षांचा आहे. (एकतिसाव्या वर्षीही सारी इमारत त्याला 'मुलगा'च म्हणते आणि कायदाही 'अपत्य'च म्हणतो. असो.) महादेवपुऱ्यातील एका छोट्या कारखान्यात तो डबे भरून चिकटपट्टी लावण्याचे काम शिकला. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या स्थानकापासून व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो सुरू झाली आणि गरुडाचारपाळ्य हे दुसरे स्थानक त्याच्या आवाक्यात आले. वडील महिनाभर त्याच्या शेजारी बसून गेले, नंतर पंधरा दिवस पुढच्या डब्यात बसून, आणि मग घरीच थांबले. मुलाचे कन्नड आज वडिलांपेक्षा सफाईदार आहे.

गेल्या वर्षी मालकाने त्याला कायम करण्याची तयारी दाखवली. पूर्ण दिवसाचे काम, महिना १५,००० रुपये आणि भविष्य निर्वाह निधीत नाव. वडील माझ्याकडे आले ते पेढे घेऊन नव्हे, तर फाईल घेऊन.

"साहेब, त्याला रोखीनेच थोडेफार देत राहा असे मालकाला सांगू का? निधीत नाव चढले की कागद होईल. उद्या आम्ही दोघे नसताना कोणी तो कागद काढून म्हणेल, हा तर कमावतो."

हे भय निराधार नाही. या वेतनासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते अपंगत्वाचे असून पुरत नाही. त्या अपंगत्वामुळे उपजीविका करता येत नाही, हेही सिद्ध व्हावे लागते. पुढे अपत्य कमावू लागलेले नाही, असे पालकाने वेळोवेळी लिहून द्यायचे. २०१३ पर्यंत तर विवाह केल्यासही हे वेतन थांबत असे.

उत्पन्नाची मर्यादा पूर्वी किमान कुटुंबनिवृत्तिवेतनाइतकी, म्हणजे ९,००० रुपये अधिक महागाई सवलत, एवढीच होती. ८ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने ती बदलली. आता कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम आणि तिच्यावरील महागाई सवलत यांपेक्षा अपत्याचे अन्य उत्पन्न कमी असले म्हणजे झाले. शेजाऱ्यांचे अखेरचे मूळ वेतन ४७,६०० रुपये होते. त्याचे ३० टक्के १४,२८०. सवलतीसह आज हा आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. पंधरा हजारांची नोकरी त्यात सहज बसते. जुन्या मर्यादेने तो बाद झाला असता. मी त्यांना हा हिशेब कागदावर लिहून दिला.

त्यांनी कागद नीट वाचला आणि विचारले, "आणि त्याचा पगार बावीस हजार झाला तर?"

त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मर्यादेच्या आत पूर्ण वेतन आणि एक रुपया पुढे गेल्यास शून्य, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत, त्या एका रुपयावर हजारो रुपयांचा कर लागतो. श्रीमंतावर असा कर बसवण्याची कोणाची छाती नाही. अमेरिकेतील वाचकांना तेथील अपंगांच्या साहाय्याची पद्धत ठाऊक असेल. कमाईतील पहिले काही डॉलर सोडून देतात आणि पुढच्या प्रत्येक दोन डॉलरमागे साहाय्य एक डॉलरने कमी होते. तेथेही बचतीची मर्यादा १९८९ पासून २,००० डॉलरवर अडकली आहे, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु कमाईच्या बाबतीत तेथे उतार आहे, आपल्याकडे कडा आहे.

आता गंमत पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ४ टक्के केल्या. त्यांपैकी १ टक्क्यात स्वमग्नता, मानसिक आजार यांच्याबरोबर बौद्धिक अक्षमतेलाही प्रथमच स्थान मिळाले. १९९५ च्या कायद्यात ते नव्हते. या व्यक्ती कोणती पदे सांभाळू शकतात याची यादी सामाजिक न्याय मंत्रालयाने ४ जानेवारी २०२१ रोजी अधिसूचित केली. म्हणजे एका विभागाने सांगितले, हा मनुष्य नोकरी करू शकतो. पाचच आठवड्यांनी दुसऱ्या विभागाने मर्यादा वाढवली, पण 'हा उपजीविका करू शकत नाही' हे गृहीतक तसेच ठेवले. दोन्ही आदेश आपापल्या जागी सद्हेतूचेच आहेत. दोन्ही एकाच घरी पोहोचतात, हे मात्र कोणत्याच टिपणीत दिसत नाही.

माझ्या मते तोडगा फार महाग नाही. हे वेतन अपंगत्वाशी जोडावे, कमाईच्या अभावाशी नव्हे. ते न जमल्यास मर्यादेपुढील प्रत्येक दोन रुपयांमागे एक रुपया कापावा. अशा अपत्यांतील किती जण बावीस हजारांपर्यंत पोहोचतील? खर्च थोडा आहे. कागदाच्या भीतीने घरी बसणाऱ्यांची संख्या बहुधा बरीच मोठी असेल.

तोवर आईवडिलांनी हयातीतच एक काम उरकावे. अपत्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात आधीच नोंदवून घेता येते. तसेच १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती पालकाची नियुक्ती करते. परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांनी पुढील सुट्टीत यासाठी दोन दिवस राखून ठेवावेत. आई गेल्यावर हीच कामे सहा महिने घेतात.

शेजाऱ्यांनी अखेर मालकाला होकार कळवला. निधीत नाव चढले. पगारवाढ मात्र विचारल्याशिवाय देऊ नये, अशी विनंती त्यांनी मालकाला केली आहे. मुलाला हे अद्याप सांगितलेले नाही.