कानातला बोळा

दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या कानाचा मोठा शत्रू वारा आहे. इंजिन, सायलेन्सर आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न यांचा नंबर त्यानंतर लागतो. ताशी 65 किलोमीटरच्या आसपास वेग गेला की वाऱ्याचा आवाज बहुतेक गाड्यांच्या स्वतःच्या आवाजावर मात करतो. साठच्या वेगाला हेल्मेटच्या आत, कानापाशी, साधारण 90 डेसिबल भरतात. वेग शंभरावर गेला की आकडाही शंभराच्या जवळ जातो. हा आवाज अडवणारी वस्तू बोटाच्या पेराएवढी असते: मऊ फोमचा बोळा, म्हणजेच इअरप्लग. यवतमाळ जिल्ह्यातले दारव्हा हे कापसाच्या मुलखातले गाव, त्यामुळे या वस्तूचा पूर्वज तिथे घरोघरी सापडतो.

तो पूर्वज म्हणजे कापूस. बाळाला न्हाऊमाखू घालताना पाणी जाऊ नये म्हणून त्याच्या कानात कापसाचा बोळा बसवतात. पुढे थंडीच्या पहाटे गाडी काढायची झाली की तोच बोळा पुन्हा कानात जातो, वर कानटोपी येते. लग्नकार्यात अत्तराचा फाया कानात खोचला जातो. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास पोचला की विदर्भातला माणूस दुपट्ट्याने कान घट्ट बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. कान सांभाळायचा असतो ही समज इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त ती थंडी, ऊन आणि पाण्यापुरती राहिली. आवाजापुढे कोरडा कापूस फारसा टिकत नाही. त्याच्या तंतूंतून हवा आरपार जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. कापसाने आवाज थोडासाच उतरतो, आणि वाऱ्याची खालच्या पट्टीतली घरघर तर जवळजवळ तशीच आत पोचते.

कापसातली ही भोके बुजवली की बोळा खरोखर उपयोगी पडतो. बर्लिनमध्ये माक्सिमिलियान नेगवेर या औषधविक्रेत्याने 1907 साली मेण आणि व्हॅसलिनमध्ये भिजवलेल्या कापसाचे बोळे तयार केले. ‘ओहरोपाक्स’ नावाचे हे बोळे पहिल्या महायुद्धात तोफांजवळच्या सैनिकांपर्यंत पोचले. आजचा फोमचा बोळा अमेरिकेतला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी सांधे बुजवण्याच्या पदार्थांवर काम करत असताना त्यांच्या हाती असा फोम लागला, जो दाबला की बसतो आणि मग सावकाश मूळ आकाराला येतो. 1972 पासून तो बाजारात आहे. पिवळ्या किंवा केशरी रंगाचे हे बोळे आता दहा-वीस रुपयांत मिळतात.

दुचाकीशी माणसाची पहिली गाठ पेट्रोलच्या टाकीवर पडते. वडील गाडी चालवतात, पोर पुढे बसते, आणि समोरून येणारा सगळा वारा आधी त्याच्या उघड्या कानांवर आदळतो. 9 महिने ते 4 वर्षे वयाच्या मुलासाठी हेल्मेट व सुरक्षापट्टा, आणि मूल गाडीवर असताना वेग ताशी 40 च्या आत, असा केंद्राचा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. नियम केला तो मूल पडू नये म्हणून. पण चाळिसाच्या वेगात वाऱ्याचा आवाजही खूप कमी असतो, आणि त्या वयाच्या कानासाठी हा लाभ लहान नाही.

पुढे स्वतःची गाडी येते. दारव्हा ते यवतमाळ हे अंतर चाळीसेक किलोमीटर. कॉलेज, कचेरी, दवाखाना, बाजार यासाठी जाऊन-येऊन रोज करणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेच्या मापाने 85 डेसिबल आवाजात दिवसाचे 8 तास काढता येतात आणि दर 3 डेसिबलला ही मुभा निम्मी होते: 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास, 100 ला केवळ 15 मिनिटे. साध्या शंभर सीसीच्या गाडीवर पन्नास-साठने जाऊन-येऊन केले की दिवसाची जवळपास निम्मी मुभा संपते. नागपूर गाठायचे म्हणून कुणी ऐंशी-नव्वदने निघाला तर वाटेतले कळंब मागे पडण्याआधीच ती ओलांडली जाते.

इथे हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. एखाद्या फेरीने कोणी बहिरा होत नाही. पण कानाकडे वेगवेगळी खाती नसतात. दिवसभर जिनिंगच्या यंत्राजवळ उभा राहणारा मजूर, हंगामात मळणीयंत्रावर काम करणारा शेतकरी, रात्री वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणारा तरुण, हे सारे सकाळ-संध्याकाळ गाडीही चालवतात, आणि सगळा आवाज एकाच ठिकाणी जमा होतो. त्यातच काही जण कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवतात. रस्त्यावरच्या लोकांना त्याचा त्रास होतोच, पण त्या नळकांड्याच्या सर्वांत जवळ रोज बसणारा माणूस चालवणारा स्वतःच असतो.

आवाज जमा होण्याची ती जागा म्हणजे आतल्या कानातली शंखाकृती नळी. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी रांगेने उभ्या असतात. आवाजाच्या लाटेने त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वादळात आडवी झालेली ज्वारी दुसऱ्या दिवशी थोडी सावरते, तशा यातल्या बऱ्याच पेशी विश्रांतीने सावरतात. लांबच्या प्रवासानंतर कानात राहणारी शीळ आणि दडे बसल्यासारखे वाटणे रात्रीत कमी होते ते यामुळे. मेलेली पेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाही. पहिला फटका बहुधा 4,000 हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे बोलण्यातल्या स, श, च, ट अशा व्यंजनांच्या पट्टीजवळ बसतो. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. घरच्यांना वाटते, लक्ष नाही. त्याला वाटते, हल्ली सगळे पुटपुटतात. ग्लासगोच्या थॉमस बार यांनी 1886 साली बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले, तेव्हा त्यांतल्या एकाचीही श्रवणशक्ती धड निघाली नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर, दारव्ह्यातून, 1994 पर्यंत ‘शकुंतला’ ही आगगाडी ओढणारे मँचेस्टरचे 1921 सालचे वाफेचे इंजिन घडवणारे हातही त्याच ठोकाठोकीतले होते, हे गाडीच्या आठवणी काढताना कुणी सांगत नाही.

हेल्मेट डोके वाचवते. त्याला पर्याय नाही. पण वाऱ्याचा आवाज तयार होतो तोच हेल्मेटच्या खालच्या कडेशी, हनुवटी आणि मानेजवळच्या भोवऱ्यांत. वरच्या पट्टीचा आवाज हेल्मेट काहीसे अडवते. खालच्या पट्टीचा आत घुमतो, कधी वाढतोही. म्हणून महागातले हेल्मेट घेऊनही बोळ्याची गरज उरते.

बोळा घालण्याची एक रीत आहे आणि ती चुकली तर बोळा नुसता कानाच्या तोंडाशी अडकून राहतो. हात स्वच्छ धुवावेत. बोळा चिमटीत धरून सुरकुती पडू न देता बारीक वळावा, वात वळतात तसा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे आतला वाकडा मार्ग सरळ होतो. बोळा आत सारून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. फोम फुगत जातो तसतसे आजूबाजूचे आवाज दूर गेल्यासारखे वाटतात. स्वतःचे बोलणे घुमल्यासारखे येऊ लागले की तो नीट बसला. हेल्मेट सावकाश चढवावे, नाहीतर अस्तराला घासून बोळा सरकतो. पाकिटावर तीसएक डेसिबलचा आकडा असतो. प्रत्यक्षात निम्मे धरावेत. निम्मेही पुरेसे आहेत, कारण 15 डेसिबल उतरले की ऐंशी-नव्वदचा वेगही दिवसभराच्या मुभेत बसतो.

हॉर्न ऐकू येणार नाही, ही भीती सगळ्यांत आधी बोलून दाखवली जाते, आणि ती रास्त आहे. मात्र बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही उतरवतो. त्यांच्यातला फरक साधारण तोच राहतो, आणि दडपून गेलेला कान मोकळा झाल्यामुळे हॉर्न ओळखणे अनेकांना सोपे जाते. गावातल्या संथ रहदारीत बोळ्याची गरज नाही. तो हमरस्त्यासाठी आहे. ज्याचे ऐकणे आधीच बरेच कमी झाले आहे त्याने मात्र तपासून घेऊनच तो वापरावा. इअरफोनवर गाणी लावणे हा याला पर्याय नाही, कारण वाऱ्यावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज त्याहून वर न्यावा लागतो.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा मळ साचला असेल तर बोळा घालू नये. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे; चाळिशीनंतर एकदा श्रवणचाचणी करून घेतली की आलेखावर 4,000 च्या जागी खाच पडली असेल तर ती डोळ्यांनी दिसते. उतारवयात ज्यांना कर्णयंत्र लागते त्यांचे यंत्र हेल्मेटमध्ये शिट्टी मारते आणि वाऱ्याचा आवाजही मोठा करते. अशांनी प्रवासात यंत्र काढून डबीत ठेवावे, आणि गाडी चालवायची की मागे बसायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.