उरलेली दहा मुलं

१९८७ साली अमेरिकेतल्या इव्हार लोवास यांचा अभ्यास छापून आला. १९ लहान स्वमग्न मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास वर्तनोपचार दिले. त्यातली ९ मुलं नेहमीच्या वर्गातून पहिली पास झाली. गाजली ती ही ९. मला प्रश्न पडतो उरलेल्या १० जणांचा. पद्धत तर तीच होती ना?

हा प्रश्न आमच्या घरातलाही आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा दोन वर्षं थेरपीला जातोय. अजून बोलत नाही. मिस्सा सुटली की कुणीतरी ताईला विचारतंच, "घरी सराव घेत नाहीस का गं?"

सराव हवाच. पण उपचार कोणत्या वयात सुरू झाले, तेव्हा मुलाला किती समजत होतं, ते नक्कल करायचं का, शिकवणारी व्यक्ती किती तयार आहे, फिट्स किंवा झोपेचा त्रास आहे का, यानेही फरक पडतो. यातलं बरंचसं आईच्या हातात नसतं.

हल्ली तो पाण्याच्या बाटलीकडे स्वतः बोट दाखवतो. आधी ताईचा हात ओढत न्यायचा. "बोलतो का?" या प्रश्नात हे बोट मावतच नाही. विचारायचंच असेल, तर ताईला विचारा, "नवीन काय शिकला?"