फुगलेली फळी

सिंकखालच्या कपाटाची तळाची फळी या पावसाळ्यात फुगली. 18 मिमीची कड मोजली तर 23 भरली. पंधरा दिवस उन्हात ठेवली, तरी मूळ मापावर आली नाही.

•

फळी पार्टिकल बोर्डची. सुतार त्याला ‘भुशाचा बोर्ड’ म्हणतात, पण तुटलेल्या जागी बोट फिरवा. पृष्ठभागाला बारीक भुगा लागतो, पोटात जाड कपच्या. गरम प्रेसमध्ये पत्र्याला टेकलेला भुगा आधी तापून मऊ पडतो आणि जास्त दबतो. त्यामुळे बोर्ड बाहेरून घट्ट, आतून सैल. फळीचा बाक सावरतात ते बाहेरचे थर. कडेतून मारलेला स्क्रू मात्र त्या सैल पोटात शिरतो. बिजागऱ्या उखडतात त्या उगाच नाही.

•

घनमीटरला 700 किलो घनता धरली, तर आठ बाय चारची 18 मिमी शीट साडेसदतीस किलोच्या आसपास भरते. 600 धरली तर बत्तीस. दोन हमालांना न विचारताही फरक कळतो.

•

घनता वाढली की बाक कमी, स्क्रूची पकड जास्त. पण जास्त दाबलेल्या कपच्या पाणी लागताच उसळून मूळ जाडीकडे धावतात. कपच्यांत मिसळलेला डिंक आणि मेण तेवढंच ठेवून नुसतं वजन वाढवलं, तर बोर्ड ताकदवान होतो, पाण्याला पुरा पडतोच असं नाही.

•

मेण घालतात ते जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी. त्याने पाणी उशिरा शिरतं, थांबत नाही. सांडलेला चहा पुसेपर्यंत ते साथ देतं; गळका नळ महिनाभर तसाच राहिला तर नाही. आणि मेण फार झालं की डिंकच नीट चिकटत नाही.

•

डिंक बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा: स्वस्त, झटपट आवळणारा, पण ओल आणि उष्णता एकत्र आली की हळूहळू सुटणारा. त्यात मेलामाइन मिसळलं की तग वाढतो, किंमतही. नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास याच फॉर्मल्डिहाइडचा. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं. म्हणून डिंक कमी पडूनही चालत नाही, आणि कसलाही घालूनही.

•

ओल सोसणाऱ्या बोर्डाचं पोट बऱ्याचदा हिरवं असतं. हिरवा फक्त ओळखीचा रंग. पाणी अडवतो तो डिंक.

•

उसाच्या बगॅसचेही बोर्ड होतात. त्यातला स्पंजासारखा गर आधी काढावा लागतो, नाहीतर तोच डिंक पिऊन बसतो आणि पुढे पाणीही.

•

माझ्या फळीची समोरची कड पट्टीने झाकलेली होती. भिंतीकडची, जी कुणाला दिसत नाही, ती उघडी. पाणी तिथूनच शिरलं. कपाट करून घेताना शीटचं वजन आणि डिंकाची जात विचाराच. पण सुतार निघण्यापूर्वी वाकून मागच्या कडेवरूनही हात फिरवा.