कुरुमीची वही

रात्री उशिरापर्यंत ‘किमी नि तोदोके’चा शेवटाकडचा खंड वाचत होते. कारुहो शिइना यांची ही मांगा ३० खंडांची. २०१७ साली संपली. नायिका सावाको आणि नायक काझेहाया यांचं जुळून कधीचंच झालंय. बऱ्याच प्रेमकथा तिथेच आटोपतात. इथे मात्र खरी धडधड त्यानंतर सुरू होते: बारावीचं वर्ष, प्रवेशपरीक्षा, कोण कुठे जाणार. सावाकोच्या मैत्रिणीला, आयानेला, टोकियो खुणावतंय, सावाकोला शिक्षिका व्हायचंय, आणि त्यासाठी तिला काझेहायापासून दूर जावं लागणार आहे.

पण मी अडकले ती कुरुमीपाशी. सुरुवातीच्या खंडांत हिनेच काझेहायापायी अफवा पसरवून सावाकोच्या मैत्रीत विष कालवलं होतं. आता त्या दोघी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेसाठी सोबत अभ्यास करतात. कुरुमीचा तोरा तसाच आहे, लाडीगोडी नाही, माफीची मोठी भाषणं नाहीत. तरी सावाकोशी बोलताना तिला गोड मुलीचा मुखवटा लावावा लागत नाही. काझेहायाच्या लाजण्यापेक्षा मला हे कितीतरी जास्त आवडलं. शिइनाबाईंनी प्रेमात हरलेल्या मुलीला वाऱ्यावर सोडलं नाही, तिला तिचं स्वतःचं पुढचं आयुष्य दिलं. पुढचा खंड उद्याच काढणार. निकाल दोघींचाही हवाय मला.