वाटीभर भाजी

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम ज्या घरांत पाळला जातो, त्या घरांत मार्गशीर्ष-पौषातील संध्याकाळ फार तोकडी असते. डिसेंबरात सांगली-कोल्हापूरकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून परतलेल्या गृहिणीच्या हाती जेमतेम अर्धा तास उरतो. अशा घाईत ताटातून सर्वप्रथम नाहीशी होते ती भाजी. आमटी-भात होतो, दूध-भाकरी होते. निवडणे, चिरणे, परतणे मागणारी भाजी मात्र ‘उद्या सकाळी करू’ म्हणून मागे पडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत २,००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. दुपारच्या ताटातील दोन चमचे भाजीने हा हिशेब पुरा होत नाही.

सांगलीतील एका चौकोनी कुटुंबात ही उणीव प्रथम जाणवली ती घरातील वडीलधाऱ्या अण्णांच्या बाबतीत. दाढा काढल्यापासून त्यांनी गवार, कोबी, तोंडली यांकडे पाठ फिरविली होती. ते तक्रार करीत नसत; दुधात भाकरी कुस्करून उठत. हळूहळू बंडी अंगावर सैल झाली आणि पोट साफ होण्यासाठी रोज चूर्ण लागू लागले. डॉक्टरांनी भाज्यांचे सूप सुचविले. सूनबाईंनी त्यांच्यापुरते दुधीचे सूप करून, गाळून, पेल्यातून समोर ठेवले. अण्णांनी तो पेला बाजूला सारला. “मी काही आजारी नाही. माझं पान वेगळं मांडू नका,” एवढेच ते म्हणाले.

त्या वाक्याने सूनबाईंना प्रश्नाचे खरे स्वरूप कळले. अण्णांना चावता येत नव्हते, त्याहून अधिक बोचत होते ते सर्वांपासून निराळे पडणे. दुसऱ्या दिवसापासून सूप घरातील चौघांसाठी झाले. सर्वांना सारख्या वाट्या, सर्वांच्या ताटात. भाजी दिसली की नाक मुरडणारा नातूही भाकरीचा तुकडा बुडवून वाटी रिकामी करू लागला. पुढे अण्णांनी एक काम आपणहून पत्करले. पाचच्या ठोक्याला ते दुधी सोलून, चिरून ठेवीत. सूनबाई आल्या की कुकर चढे आणि दिवस मावळण्यापूर्वी पंगत उठे. काही आठवड्यांनी चूर्णाची पुडी आठवड्यातून एक-दोन वेळाच उघडावी लागली.

सूप हा शब्द नवा असला, तरी पदार्थ आपल्याकडे परका नाही. टोमॅटोचे सार, मुगाचे कढण, आयुर्वेदातील यूष ही त्याचीच भावंडे होत. अडचण येते ती बाजारातील पाककृतींची. त्यांची सुरुवातच कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांनी होते. पाकिटातील सुपांत कांदा-लसणाची पूड आणि बरेचसे मीठ असते, भाजी मात्र नावापुरती. त्यामुळे कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघराने आपली स्वतंत्र रीत बसवावी, हे उत्तम.

त्या घरातील रोजची रीत अगदी सोपी आहे. चौघांसाठी ३५० ग्रॅम दुधी, १५० ग्रॅम टोमॅटो, दोन मोठे चमचे मुगाची डाळ आणि तीन-साडेतीन वाट्या पाणी कुकरात घालून तीन शिट्ट्या काढाव्यात. निवल्यावर रवीने घोटावे किंवा मिक्सरमधून फिरवावे. चमचाभर तुपात जिरे तडतडवून वर ओतावे. मिरपूड, चिमूटभर सुंठ व बेताचे मीठ घालून एक उकळी आणावी. ओल्या आल्याची उणीव सुंठ भरून काढते. एवढ्याने प्रत्येकाच्या पोटात सुमारे १२५ ग्रॅम भाजी जाते. दुधी चिरताना मात्र त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास संपूर्ण दुधी टाकून द्यावा. कडू दुधी विषबाधा करू शकतो.

या रीतीत काही गोष्टी जपण्याजोग्या आहेत. सूप गाळू नये, कारण पोटाला हवा असलेला चोथा गाळणीत राहतो. भाजी शिजविलेले पाणी फेकले जात नसल्याने त्यात उतरलेली सत्त्वे वाटीतच राहतात. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने घटते, म्हणून उतरविल्यावर लिंबू पिळावे. तांबड्या भोपळ्यातील व टोमॅटोतील रंगद्रव्ये शिजल्याने आणि थोड्या स्निग्धतेच्या संगतीने शरीराला अधिक मिळतात. तुपाच्या फोडणीचे प्रयोजन केवळ चवीपुरते नाही. दाटपणासाठी मक्याच्या पिठाऐवजी मूगडाळ घातली की प्रथिनेही मिळतात. मात्र डाळ घातलेल्या सुपात द्विदलाची मर्यादा पाळणारी घरे दही मिसळत नाहीत. वृद्धांना पातळ सूप जेवणाआधी भरपूर देऊ नये. पोट पाण्यानेच भरते आणि भाकरी तशीच राहते. सूप दाट असावे आणि जेवणासोबत घ्यावे.

चवीचा कंटाळा येऊ नये म्हणून भाज्या बदलत्या ठेवाव्यात. तांबडा भोपळा नुसत्या मिरपुडीनेही गोडसर व दाट होतो. दोडका आणि मूगडाळ यांची जोडी चांगली जमते. शेवग्याच्या शेंगा उकडून चमच्याने गर खरवडावा व मूळच्या पाण्यात मिसळावा. या एका सुपात रेषांपुरती गाळणी क्षम्य आहे. थंडीत ओला मटार घ्यावा, प्रत्येक शेंग उघडून दाणे नीट पाहावेत. पालक घ्यायचा तर पान न् पान निवडून, चातुर्मास वगळून. अष्टमी-चतुर्दशीला ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, तेथे त्या दिवशी मुगाचे कढण करावे. वाटीची सवय मोडत नाही. घरोघरचे नियम निराळे असतात. ज्याने त्याने आपल्या नियमात बसेल ती भाजी निवडावी. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पथ्य असणाऱ्यांनी मात्र भाज्या वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवाव्यात.

आठवड्याचे सूप एकदम करून शीतपेटीत साठविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शिळे न खाणाऱ्या घरांना तो लागू पडत नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. माणसे मोजून पाणी घालावे, उरणार नाही इतकेच करावे. चिरण्याचे काम घरातील ज्या हातांना सवड आहे त्यांच्याकडे सोपवावे. बहुधा ते हात कोणी काम सांगण्याची वाटच पाहत असतात. उरलेले काम कुकर वीस मिनिटांत करतो.